उलट्या अक्षरांची नोकरी

आदरणीय व्याहीबुवा,

तुम्हाला आणि विहीणबाईंना दोन्ही हात जोडून नमस्कार (हात जरा जांभळे आहेत, तेवढं समजून घ्यावं). तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? जिना चढताना आवाज येतो म्हणत होतात, तो थांबला की नुसता अंगवळणी पडला? विहीणबाईंचा खोकला गेला असेल. आमची पोर (म्हणजे आता तुमची सून, पण जुनी सवय जात नाही) चहात साखर फार घालते, तिला रागवत चला. आमचं तिने कधी ऐकलं नाही.

पत्र लिहायचं कारण म्हणजे तुमचे आभार. ते दोन ओळींत मानता आले असते, पण मग तुम्हाला कळणार कसं की किती मानायचे आहेत!

फ्लेक्स आल्यापासून माझ्या ब्रशला कुणी विचारेना, हे तुम्ही जाणताच. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस घरी बसला की काय करतो, ते मात्र फक्त आमच्या हिला ठाऊक. औषधाच्या बाटलीवरचा काना वाकडा आहे म्हणून मी औषध घेईना. पुढे पुढे तर चुका काढणंही सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागलो. ही स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवायची, घरात जाग आहे असं वाटावं म्हणून. अशा वेळी तुम्ही तुमच्या त्या कापड छापणाऱ्या मित्राकडे शब्द टाकलात आणि ते माझे मालक झाले. 'माणूस रंगातला आहे,' एवढंच म्हणालात म्हणे. (खोटं नव्हतं. फक्त रंग वेगळा निघाला.)

पाटीचा रंग कसा, डब्यात लाल तर पाटीवर लाल. पण पॉलिस्टरवर छापायचे हे डिस्पर्स रंग म्हणजे निराळंच प्रकरण. पाण्यात विरघळत नाहीत, बारीक कण होऊन नुसते तरंगतात. सुती कापडाशी त्यांचं जमत नाही. पॉलिस्टरवर मात्र जीव, पण तोही चांगली आच लागल्यावरच. तापलं की रंगाची वाफ होऊन ती धाग्याच्या आत शिरते, मग धुवा नाहीतर आपटा, रंग हलत नाही. हे सगळं मला छपाईच्या टेबलावरच्या मुख्य बाईंनी समजावलं. त्यांना इथे सगळे मास्तरीणबाई म्हणतात. वयाने आमच्या पोरीएवढ्या, पण त्यांनी 'काका' अशी हाक मारली की मी आपोआप ताठ उभा राहतो. मी मान डोलावली आणि त्याच दिवशी हिच्यासाठी सुती रुमालावर गुलाब छापून नेला. हिने तो कौतुकाने धुतला. गुलाब मोरीतून वाहून गेला.

आमच्याकडे बरीचशी नक्षी आधी कागदावर छापतात. मग कागद कापडावर पालथा घालून तापलेल्या प्रेसमध्ये दाबायचा, की ती कापडावर उतरते. कागदावर रंग मळकट दिसतात, लाल तर जुन्या विटेसारखा. खरा रंग तापल्यावर उमलतो. हे मला सांगितलं होतं. पण डोळ्यांची समजूत कोण घालणार? बाईंची पाठ वळताच मी डब्यात थोडा लाल वाढवला, तरी फिकाच वाटला म्हणून आणखी वाढवला. पडदे एका दंतवैद्याचे होते. दवाखान्यात तो लाल पडदा पाहून पेशंट दाढ तशीच घेऊन घरी गेला असता. दंतवैद्य हसले. मालक हसले नाहीत.

मालकांचा राग जावा म्हणून मी त्यांच्या क्रीम कोटाला इस्त्री करून द्यायचं ठरवलं. इस्त्री कशाला, एवढी मोठी प्रेस आहे की! कोट जळू नये म्हणून वर एक वापरलेला कागद घातला. (वापरलेल्या कागदातही रंग उरतो, हे मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर माझं लक्ष नव्हतं.) कोट पॉलिस्टरचा. मालकांच्या पाठीवर फिकट निळ्या फुलांचा ताटवा उमलला, आणि तो कोट घालून ते बँकेत जाऊन आले. बँकेतल्यांनी सांगितलं तेव्हा कळलं.

परत आले ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या व्याह्यांचा मान आहे म्हणून बोलत नाही. पण आता शनिवारनंतर येऊ नका."

व्याहीबुवा, त्या रात्री हिला काही सांगितलं नाही. सांगायला तोंडच नव्हतं. पुन्हा ती भिंत आणि पुन्हा ती भांडी, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

शनिवारी एका सायकल क्लबचे सदरे न्यायला माणसं दुपारी येणार होती, रविवारी त्यांची शर्यत. पहिला सदरा प्रेसमधून निघाला आणि सगळे त्यावर वाकले. क्लबचं नाव उलटं! कागदावर अक्षरं उलटी छापायची असतात म्हणजे कापडावर सुलटी येतात. कुणाच्या तरी हातून ती सुलटीच छापली गेली होती. (माझ्या हातून नाही. मी चौकशी करून घेतली.) ज्या जाळीतून रंग कागदावर उतरतो, ती नवी बनवायला वेळ नव्हता. मास्तरीणबाई स्टुलावर बसल्या, आणि त्या बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

मी म्हणालो, "बाई, एक ब्रश द्याल?"

दुकानाच्या काचेवर नाव रंगवायचं ते आतल्या बाजूने, म्हणजे उलटं. तो हात अजून गेला नव्हता. कोऱ्या कागदावर मी क्लबचं नाव शेवटाकडून सुरू केलं. बाई म्हणाल्या, "लिहा तुम्ही, पण काका, रंगाला हात लावायचा नाही, तो मी कालवून देते." मी लिहीत गेलो, त्या प्रेसमध्ये दाबत गेल्या. पहिला कागद सोलून काढला तर खाली झळझळीत, सरळ, काना न काना जागच्या जागी. मालक मागे कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही. त्यांनी तो सदरा उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "सोमवारी जरा लवकर या."

मी तोंड धुवायला म्हणून बेसिनपाशी गेलो आणि नळ बराच वेळ सुरू ठेवला. तुमची आठवण आली. तुम्ही फक्त एक वाक्य बोलला होतात, पण माणसाला उठून उभं राहायला कधीकधी तेवढंच हवं असतं. हे उपकार मी विसरणार नाही.

विहीणबाईंना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुमचा,
व्याही

ता. क. एक लहानशी विनंती. त्या शनिवारनंतर माझा डबा द्यायला म्हणून आमची ही एकदा कारखान्यात आली, प्रेसपाशी रमली, आणि आता माझ्याच टेबलावर शिकायला असते. तिचा हात फार लवकर बसला. दिवसभर "असं नाही, तसं" सुरू असतं. तुमच्या मित्राला सांगून मला दुसरं टेबल मिळवून द्याल का?

ता. क. २. नको, राहू द्या. हसते ती हल्ली.

ता. क. ३. भाऊ, पाकीट मी चिकटवतेय म्हणून लिहिते. तुमचे फार उपकार झाले. टेबल बदलून द्या असं मालकांना मी केव्हाच सांगितलंय, येत्या सोमवारपासून मी पलीकडच्या टेबलावर. मीच मागून घेतलं हे यांना मात्र कळवू नका, वाईट वाटेल.