‘व्हते’ आणि ‘होते’

बर्नली, ८ मार्च २००७

ती. मॉरीनताईस,
नेव्हिलचा सा. न. वि. वि.

मुलाखत झाली. फोनवर सांगत नाही, कारण फोनवर तू मध्येच हसतेस आणि ही हसण्यासारखी गोष्ट नाही.

मानसोपचार नर्सिंगच्या एका जागेसाठी मी काय काय केलं ते तुला ठाऊक आहे. पंधराव्या वर्षी शाळा सोडून गिरणीत गेलेल्या माणसाकडे दाखवायला एकही दाखला नसतो. म्हणून दिवसा वॉर्डात मदतनीस आणि संध्याकाळी कॉलेजात, शाळा राहून गेलेल्या मोठ्या माणसांच्या प्रवेशवर्गात. बावन्नाव्या वर्षी निबंध लिहिले, टक्केवारीची गणितं सोडवली. आता फक्त मुलाखत उरली होती.

विद्यापीठात टेबलाशी तिघं होती. दोन प्राध्यापक आणि मिसेस ग्लेनिस पिकप. या बाई स्वतः मनोरुग्णांच्या वॉर्डात राहून बऱ्या झालेल्या. ज्यानं दुखणं सोसलं त्यानंही उमेदवार पारखावा, असा तिथला नेम आहे, आणि तो मला पसंत आहे. प्राध्यापकांना मी चोख उत्तरं दिली, औषधांची नावं शुद्ध उच्चारांसकट. मग बाईंनी हातातल्या कागदावरचा पहिला प्रश्न विचारला. मी दाखल ‘व्हते’ तवा रातभर भिंतीवरच्या रेडिएटरशी बोलायची, तर तुम्ही ड्यूटीवर असता तर काय केलं असतं, असा. आणि ताई, माझ्या तोंडून निघालं, ‘होते’.

एवढाच शब्द. दुसऱ्याची कॉलर दुमडलेली दिसली की हात आपोआप जातो, तसं झालं. बाई थांबल्या. बरोबर आहे, होते, असं हळूच म्हणाल्या, कागदाची घडी घातली आणि पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. मी उत्तर दिलं, चांगलं दिलं. त्या टेबलाच्या कडेकडे बघत राहिल्या.

कान अजून गरम आहेत. कुणाला सांगू नकोस. माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागतो.

तुझा,
नेव्हिल

मोरकम, १३ मार्च

चि. नेव्हिलला,
थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. आणि हे वाचताना माझ्या चुका काढायची पेन्सिल खाली ठेव.

पत्र डेरेकला वाचून दाखवलं. कुणाला सांगू नको म्हणालास, पण नवरा म्हणजे कुणी नसतो. तो म्हणाला की नेव्हिल देवाघरी गेला तरी दारावरची पाटी आधी तपासून मग आत जाईल.

मी हसले नाही. मुद्दाम नव्हतं म्हणतोस. मुद्दाम असतं तर बरं होतं रे, मुद्दाम केलेलं सोडता येतं. आपले बाबा कसे बोलायचे आठव. मी गिरणीत व्हतो, तुमची आई घरी व्हती. तूही तसाच बोलायचास. मग वाचनालय आणि रेडिओ करून करून तू शुद्ध झालास, आणि जेवताना म्हाताऱ्याला टोकायला लागलास. शेवटी शेवटी तो तुझ्यापुढे बोलतच नव्हता, टीव्हीकडे बघत चिप्स चिवडायचा. तुला वाटायचं त्याला ऐकू कमी येतं.

तुला जागा मिळावी असं मला मनापासून वाटतं. वॉर्डातले पेशंट तुझं नाव काढतात, ते खोटं नसणार. त्यांना तू टोकत नाहीस ना? का नाही, ते एकदा स्वतःला विचार.

इकडे वारा फार आहे. मफलर घालत जा.

तुझीच,
मॉरीन

बर्नली, २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जागा मिळाली. सप्टेंबरपासून वर्ग. वॉर्डात केक कापला. आमच्या मुख्य सिस्टर बर्नडेट क्विल, ज्यांनी मला या वाटेला लावलं, त्यांनी सगळ्यांदेखत माझा गालगुच्चा घेतला.

केक खाता खाता त्यांनीच सहज सांगितलं की पिकपबाईंनी मुलाखती घेणं सोडलं. मला नीट बोलता येत नाही, नीट बोलणारं कुणी बसवा, असं विद्यापीठाला कळवलं म्हणे. का ते कुणालाच ठाऊक नाही. मी केकची बशी तशीच खाली ठेवली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, पण ते चांगलं नाही. पेशंटला मी टोकत नाही, कारण तो आजारी आहे, त्याला सांभाळायचं, असं मनात असतं. पिकपबाई टेबलाच्या त्या बाजूला होत्या. माझ्याइतकीच शाळा झालेली बाई माझी परीक्षा घेत होती, आणि आपल्या बोलण्याची तिला काडीची लाज नव्हती. मला तेच सोसलं नाही. त्यांच्याकडे नव्हती ती लाज मी त्यांना दिली. कोणत्या तोंडानं त्या वर्गात बसू? जागा नको म्हणून कळवावं असं मनात आहे.

बाबांबद्दल लिहिलंस ते दोनदा वाचलं.

लोभ उरला असेल तर असू दे.

नेव्हिल

मोरकम, ५ एप्रिल

चि. नेव्हिल,
आशीर्वाद आहेच, पण आधी कान पिरगाळते.

जागा परत करून त्या बाईला काय मिळणार? तिची खुर्ची रिकामी, आता तुझीही रिकामी. वर तूच मोठा त्यागमूर्ती. काही गरज नाही. ती कुठे भेटते ते शोध आणि मान खाली घालून जा. फुलं नेऊ नकोस. फुलं नेली की बाईला माफ करावंच लागतं.

आणि भाषण पाठ करून जाऊ नकोस. तुला ओळखते मी.

मॉरीन

बर्नली, २० एप्रिल

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार. वि. वि., जाऊन आलो.

बऱ्या झालेल्या लोकांसाठी चर्चच्या हॉलमध्ये पिकपबाई चहा चालवतात. फुलं नेली नाहीत. भाषण पाठ होतं, पण त्यांनी बोलूच दिलं नाही. मला ओळखलं, हातात फडकं दिलं, आणि कप पुसायला लावले. कप पुसता पुसताच मी सांगितलं की माझी चूक झाली, आणि चूक शब्दाची नव्हती. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या की दवाखान्यात होत्या तेव्हा काय बोलायचं ते डॉक्टर शिकवायचे, घरी आल्यावर नवरा शिकवायचा. मुलाखतीच्या त्या टेबलाशी मात्र पहिल्यांदा कुणी त्यांचं जसं आहे तसं ऐकून घेत होतं. मग मी आलो.

माफ केलंय असं म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. जागा सोडू का, एवढं विचारलं. त्यावर हसल्या. म्हणाल्या की मग अंगाला राख फासून हिमालयातच जा की, इथं माणसं कमी पडतायत आणि हा चालला रुसून.

मुलाखतींना त्या पुन्हा बसणार नाहीत. पण ऑक्टोबरात नव्या वर्गापुढे आपल्या आजारपणाबद्दल बोलायला त्यांना बोलावलंय, आणि त्या हो म्हणाल्यात. फक्त एक अट घातली. माझा चेहरा समोर दिसला की शब्द अडकेल, तर मी कुठंतरी मागच्या बाकावर बसावं, उंच पोराच्या आड, त्यांना दिसणार नाही असं.

बसेन म्हणालो.

डेरेकभावजींना नमस्कार. तुझं पुढचं पत्र जसं येईल तसं वाचीन.

तुझा,
नेव्हिल