तेराच्या आकड्याला सासरेबुवा बाहेर आले

दादांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही आणि वहिनी मजेत असालच. वडील आमच्याकडे असताना तुम्हाला न असायला काय झालं? आठ दिवसांसाठी आलेल्या सासरेबुवांना पाचवा महिना लागलाय (हे वाक्य तुमच्या बहिणीला आवडलेलं नाही).

आमच्या ऑफिसात नवे साहेब आलेत. बावीस वर्षं नोकरी केलेल्यांना प्रोग्रॅम लिहिता येतो का, याची त्यांना अचानक काळजी लागली. नापास होईल त्याची बदली दूरच्या गोदामात, बिऱ्हाड इथेच ठेवून. सरावाला कोडं दिलं: शून्यापासूनचा प्रत्येक आकडा नुसत्या एक आणि शून्यात मांडायचा आणि त्यात एक किती ते सांगायचं, पण दर वेळी पहिल्यापासून न मोजता (म्हणजे काम करायचं आणि करायचंही नाही; साहेबांना हे जमतं).

कागदावर डोकं चालेना, म्हणून पॅसेजमधल्या दिव्यांच्या बोर्डाकडे वळलो. उजवीकडून बाथरूम म्हणजे एक, स्वयंपाकघर दोन, पॅसेज चार, हॉल आठ. दिवा लागला की एक, विझला की शून्य; लागलेल्या दिव्यांची बेरीज म्हणजे आकडा. आता उजवीकडचं बटण दर आकड्याला बदलतं, आमच्या बाथरूमला खिडकी नाही आणि आत तुमचे वडील तोंडाला साबण लावून बसलेले, हे योग काही मी जुळवून आणले नव्हते. आतून हाका येत होत्या. मला त्या प्रोत्साहनपर वाटल्या.

तेराला ते टॉवेल गुंडाळून बाहेर आले. तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये खटके ओढलेला माणूस. आधी अदबीने माझी अक्कल काढली, मग कोडं ऐकून घेतलं, पुन्हा सहा लावायला सांगितलं, मग तेरा. म्हणाले, "सहाचेच दोन दिवे एकेक घर डावीकडे सरकलेत. वर माझा एक. पहिल्यापासून कशाला मोजताय, जावईबापू?"

अर्ध्या आकड्याचं उत्तर घ्यायचं (तेराचे सहा, उरलेला अर्धा सोडायचा), आकडा विषम असेल तर एक मिळवायचा. महिनाभर मी डोकं फोडत होतो ते गृहस्थांनी अंग न पुसता सोडवलं. अशा माणसाबरोबर राहणं किती अवघड असतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. तर न्यायला कधी येताय ते कळवा.

आपला मेहुणा

ता. क. परीक्षा पास झालो. कसं सुचलं, असं साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, अनुभव.

ता. क. पुढच्या महिन्यात दुसरी परीक्षा आहे. तेव्हा इतक्यात येऊ नका.

ता. क. हे पत्र टेबलावर उघडं राहिलं. सासरेबुवा सकाळपासून बॅग भरताहेत. परीक्षा असो वा नसो, मला ते घरात हवेत. तोंडावर सांगायला माझी जीभ वळत नाही. पत्र मिळताच तुम्ही फोन करून सांगा, तोवर बॅगेची किल्ली मी लपवली आहे. बाथरूमच्या दिव्याचं बटण आतून बसवून घेतलंय, तेही सांगा.