अर्थिंगवरचं पाणी

म्हसरूळ, नाशिक

प्रिय उज्वला,

तुझी पाठ आता कशी आहे? जावईबापूंची अ‍ॅसिडिटी? तेजूचा खोकला गेला, की अजून बर्फाचा गोळा चालूच आहे? आणि गाडीची तब्येत कशी? तिलाही घरच्यांतच धरायला हवं. दसऱ्याला तुझ्या आईने तिला तुझ्याआधी ओवाळलं होतं.

फोन सोडून पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. मी फोन लावला की तुझी आई मेथी निवडता निवडता कान इकडे लावून बसते.

तू ही विजेवरची गाडी घेतलीस तेव्हा सगळ्यांत जास्त टर मीच उडवली. शिक्षण माझं सातवी, पण विहिरीवरच्या जळक्या मोटारींचं वाइंडिंग भरता भरता वीज आपली आपण शिकलो, त्याचा तोरा. कंपनी चारशे किलोमीटर सांगते ना, मग अडीचशे धरून चाल, म्हणालो, आणि तेवढीच निघाली. पुण्याहून इथे पोचेस्तोवर घाट आणि एसी मिळून सगळं खाऊन टाकायचे, पडद्यावर जेमतेम पन्नास-साठ उरायचे. पहिल्यांदा आपल्या प्लगला लावलीस तर चार्जरवर लाल दिवा. अर्थिंग नाही म्हणे. मग मी अंगणात खड्डा खणला, कोळसा-मीठ भरून पट्टी पुरली, आणि दिवा हिरवा झाला तशी तुझी आई म्हणाली, “चला, बाईसाहेबांना आमचं घर मानवलं एकदाचं.”

घरच्या प्लगवर तिचं पोट भरायला सकाळ व्हायची. पेट्रोलची गाडी होती तेव्हा जेवलीस की किल्ली तुझ्या हातात. हिच्यामुळे तू मुक्कामाला राहू लागलीस. तेजू आजीच्या गोधडीत, तू ओट्यापाशी आईशी बोलत, आणि मी फ्यूज उडू नये म्हणून गीझर बंद करून सगळ्यांच्या शिव्या खात. लोक म्हणतात, लांबच्या प्रवासाला ही गाडी गैरसोयीची. असेल. आमची सोय त्या गैरसोयीतच होती गं.

आणि ती मोडली कोणी, तर मी. सिन्नरला लग्नाला गेलो होतो, तिथे तुझ्या पुण्याच्या वाटेवरच, हॉटेलसमोर, तो मोठा चार्जर दिसला. मला कोण आनंद! फोटो काढून लगेच तुला धाडला, वर लिहिलं, पाऊण तासात काम फत्ते. हौसेने दिवा लावला आणि आपलाच पदर पेटला. त्यानंतर तू तीनदा आलीस, तिन्ही वेळा उन्हं उतरायच्या आत निघालीस. तुझं चुकलं असं नाही. नोकरी, पोरीची शाळा, सगळं कळतं मला. आई तर म्हणत होती, “तो चार्जर बंद पडलाय म्हणून कळवा की तिला.” म्हटलं, अगं, तिच्या मोबाईलवर सगळं दिसतं, आपलं खोटं सिन्नरपर्यंतसुद्धा जायचं नाही.

ओल नसली की अर्थिंग धरत नाही, हे मी कधीतरी बोलून गेलो होतो. तेव्हापासून तुझी आई रोज तुळशीला पाणी घातलं की तांब्यातलं उरलेलं त्या खड्ड्यावर ओतते. गाडी येवो न येवो. हल्ली खड्डा नीट दिसत नाही, तर पायाने चाचपून ओतते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. पुढच्या महिन्यात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तू म्हणालीस, सकाळी येते, संध्याकाळी निघते, सिन्नरला चार्ज करून घेईन. तिने “बरं” म्हटलं आणि मला दम दिला की पोरीला अडवायचं नाही. पण पट्टी सुटते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. हे डॉक्टरांनी सांगितलं तशी रिक्षात म्हणाली, “म्हणजे डोळा उघडल्यावर पहिल्यांदा तुमचंच थोबाड बघायचं का मी?” मी हसलो. ती हसली नाही. तेव्हा बाई, त्या दिवशी गाडी आपल्याच प्लगला लाव. आईला वाकायला मनाई आहे, खड्ड्यावर पाणी मी घालीन. राहतेस की नाही, एवढं एका ओळीत लिही, पण लवकर लिही. फोन करू नकोस, ती ऐकते.

तुझाच,
आप्पा