बाईंचं नाक

बोईसर
१२ डिसेंबर २०२४

चि. शालू,

अनेक आशीर्वाद. तू, शैलेशरावांचा गुडघा आणि वाडीतल्या केळी, तिन्ही ठीक असतील असं धरून चालते. फोन करत नाही, कारण फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतेस आणि मी चिडते. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, ते बरं.

इथे थंडी म्हणावी तशी नाही. मी सेक्रेटरीच्या मागे लागल्यावर गच्चीवरची टाकी एकदाची धुतली. पायऱ्यांवर दिवे लागले, तेही भांडूनच.

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी बिल्डिंग मला 'बाई'च म्हणते. कारखान्यांकडून वास आला की सगळे माझ्या दाराशी. 'बाई, आज कसला?' मी गॅलरीत जाऊन सांगायची. सडक्या अंड्याचा आहे, खिडक्या लावा. किंवा, रंगाचा आहे, जाईल थोड्या वेळात. मग रत्नाबाई जिना झाडता झाडता ते प्रत्येक दाराशी पोचवायची. तुला आठवतं का, मी वर्गात टेबलावर अत्तराची बाटली उघडून ठेवायची? ज्याला वास येईल त्याने हात वर करायचा. पुढच्या बाकापासून हात वर होत होत मागे जायचे. कणांना कुणी ढकलत नाही, दाटीतून मोकळ्या जागेकडे ते आपले आपण जातात, हे मुलांना तेवढ्यात कळायचं. माझा शब्दही बिल्डिंगमध्ये तसाच पसरायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

गेल्या आठवड्यात संध्याकाळी तळमजल्यावरची मोनाली वर आली. नांदेडकडची माणसं, नवरा इंद्रजीत कंपनीत शिफ्टला. कडेवर मुलगी, तिला दमा.

"बाई, वास येतोय ना? खिडक्या लावू का?"

मी गॅलरीत गेले, श्वास घेतला आणि म्हणाले, "काही नाही. उघड्या ठेव, वारं खेळू दे."

रत्नाबाई जिन्यात होती, तिने ऐकलं. 'काही नाय, बाईंनी सांगितलंय' हे दिवेलागणीच्या आत वरच्या मजल्यावर जाऊन माझ्या कानावर परत आलं. सगळ्यांच्या खिडक्या सताड उघड्या. जेवणाच्या वेळेला मोनालीच्या मुलीला धाप लागली. रिक्षात घालून तिला पालघरला नेलं, ऑक्सिजन लावला. मुलगी आता घरी आहे, खेळते आहे. हे लगेच सांगितलं, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस.

कुणी मला एक शब्द बोललं नाही. उलट मोनाली म्हणाली, "बाई बोलल्या तेव्हा नसेलच हो तेवढा, नंतर वाढला असेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून मला घरात एका जागी बसवत नाही. कपाट आवरते, परत उपसते.

मला कुठलाच वास येत नाही, शालू.

पावसाळ्यात ताप या दारातून त्या दारात करत बिल्डिंगभर फिरला. माझा ताप उतरला, पण नाक परत आलं नाही. येईल म्हणून थांबले. डॉक्टर म्हणतात, येईल किंवा नाही येणार. याला डॉक्टर कशाला हवा? दूध करपलेलं मला धूर दिसल्यावर कळतं. गॅसचं बटण फिरवून फिरवून बघते.

दिवाळीत तू करंजी अर्धी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "ताई, खोबरं खवट लागतंय गं." मी तुझ्या हातातून ताटली ओढली आणि शैलेशरावांसमोर म्हणाले, "आईच्या हातचं खाताना नव्हते हे नखरे." तू चपला घातल्यास. मी दारापर्यंतसुद्धा आले नाही. मागून त्याच करंज्या मी संपेपर्यंत खाल्ल्या, तुला खोटं पाडायला. मला काही खवट लागलं नाही, म्हणजे माझंच खरं असं धरलं.

बिल्डिंगला अजून सांगितलेलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. सांगितलं की माझ्या दाराशी कोण येणार?

*

पत्र अर्धं टाकून उठावं लागलं. दारात रत्नाबाई.

"बाई, डोले चुरचुरतात. आज कसला वास हाय? बायका इचारतात, खिडक्या लावायच्या का नाय?"

सवयीने मी गॅलरीकडे निघालेसुद्धा. मध्येच थांबले.

"रत्नाबाई, मला वास येत नाही. पावसाळ्यापासून."

तिने झाडू भिंतीला टेकवला. "म्हंजे त्या दिशी पन?"

"त्या दिवशीपण. आधी मोनालीकडे जा. सगळ्यांना सांग, खिडक्या लावून घ्या. आणि हेही सांग, की मला विचारू नका."

"हे बी सांगू?"

"हे आधी सांग."

ती गेली. माझा चहा निवायच्या आत खालपासून वरपर्यंत खिडक्या लागत गेल्या. मी बसून ऐकत होते. सगळ्यात आधी मोनालीची लागली, मग तिचं दार. ती वर आली नाही.

शिरगावला आमच्याकडे येऊन राहा, असं तू म्हणाली होतीस. ते एवढ्यात परत विचारू नकोस, मी काय बोलेन मलाच माहीत नाही. आधी मला मोनालीच्या दारात जाऊन उभं राहायचं आहे.

तुमच्या गावचा रूपेश इथे कामाला येतो, त्याच्या हाती हे पत्र आणि डबा देते. करंज्या आहेत, ओल्या नारळाच्या. नारळ आज सकाळी फोडला, तूप नवीन आहे, तेव्हा चांगल्या असाव्यात. मला एवढंच सांगता येतं. खाऊन बघ आणि असेल तसं लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. तू लिहिशील ते मी खरं धरणार आहे.

तुझ्या जिभेवर विसंबून,
ताई