तळ्यावरच्या घराला संडास हवा

ती. ओइवामामांस,

तुओमोचा सविनय नमस्कार. लेकीच्या घरी तुमचा हिवाळा नीट गेला असेल, छातीचं औषध वेळेवर घेत असाल आणि शहरातल्या उबेला आता पुरते कंटाळला असाल, असं धरून चालतो. इकडे देवाच्या दयेने सगळं ठीक आहे. बर्फ फुटून तळं मोकळं झालं. चर्चच्या आवारातली कबरींची माती दर वसंतात खचते तशी यंदाही खचली, ती भरण्यात माझे दिवस जातात. खरं तर फोनच करणार होतो. पण तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायचं म्हणजे चर्चच्या कचेरीत उभं राहून ओरडावं लागलं असतं, आणि विषय ओरडण्याचा नाही. विषय संडासाचा आहे.

आईचा खुबा हिवाळ्यात बदलला हे तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना बजावलं की चढ, मुळं आणि दगड वर्षभर बंद. आता तळ्यावरच्या आपल्या लाकडी घरापासून परसाकडची वाट म्हणजे चढ, मुळं आणि दगडच. दुसरं तिथे काही नाही. (वडिलांनी तो संडास इतक्या वर का बांधला, असं मी लहानपणी विचारलं होतं. "वास खाली येत नाही," म्हणाले. येतो.) माझी बायको मेर्या म्हणाली, एवढं काय, घरातच एक बसवू. आईने विणकाम खाली ठेवलं. "जिथे जेवायचं तिथेच? मग मी येत नाही. बसते इथेच खिडकीत, दुकानापुढच्या मोटारी बघत." लग्न होऊन आल्यापासून आईचा एकही उन्हाळा तळ्याशिवाय गेलेला नाही. मामा, मला भीती ही की एक उन्हाळा ती त्या खिडकीत बसली, तर मग बसलेलीच राहील. आमच्या गावात अशी बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची माती पुढे मलाच भरावी लागते.

म्हणून मी शोधाला लागलो. मला वाटायचं संडास म्हणजे एक भोक आणि वर झाकण. तालुक्याच्या दुकानात गेलो तर तिथे एक अख्खं दालन त्याचंच. विकणारा तरुण फार सभ्य होता. त्याने घाण हा शब्द एकदाही उच्चारला नाही, "आशय" म्हणाला. पहिल्यांदा त्याने जाळणारा संडास दाखवला. गॅसवर चालतो, सगळा आशय जळून मूठभर राख उरते, राखेला वास नाही. मला तो पटला. आठवडाभर वापरून बघा म्हणून त्याने एक जुना दिलाही. मी तो नावेत घालून नेला, पडवीत जोडला आणि देवाचं नाव घेऊन वापरला. प्रत्येक वेळी आत कागदाचं अस्तर घालायचं असतं, ते मी घातलं नव्हतं. धूर धुराड्यातून वर न जाता वाऱ्याने सरळ सौनाकडे, आपल्या वाफेच्या न्हाणीघराकडे, वळला, आणि सौनाच्या पायरीवर मेर्या नुकतीच न्हाऊन, केस सोडून बसली होती. ती परत आत जाऊन पहिल्यापासून न्हाली. त्या दिवसभरात ती माझ्याशी एकच वाक्य बोलली. "हे यंत्र आधी नावेत ठेव, मग तू बस." तरी मी आईला विचारून पाहिलं. आई म्हणाली, "मला जाळू नका, पुरा, हे तुला किती वेळा सांगितलंय? मग आता हप्त्याहप्त्याने जाळायला निघालास?" मी यंत्र दुकानात परत केलं. हप्त्याने जाळणं धर्मात बसतं का, हे आमच्या पाद्रीबाईंना विचारण्याचं धाडस झालं नाही.

दुसरा संडास गोठवणारा. खाली डबा असतो, त्यात सगळं बर्फ होऊन राहतं, वास नाही, माशा नाहीत. आपल्या लोकांना गोठण्याची सवय आहेच, म्हणून मला हे आपल्या स्वभावाला धरून वाटलं. अडचण विजेची. छपरावरची ती सूर्याची पाटी एक तर फ्रीज चालवते, नाही तर संडास. दोन्ही चालवायला आपल्या तळ्यावर उन्हाळा जरा कमी पडतो. मी संडास लावला आणि सॉसेज विहिरीत सोडले. पुढे सलग ढग आले. जे गोठलं होतं ते हळूहळू परत पूर्वस्थितीला आलं, आणि ते नेमकं कधी आलं हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. आईला हा प्रकार कळला तेव्हा ती फक्त म्हणाली, "गोठवून ठेवायचं? कुणासाठी?"

(टाकी पुरून पाण्याचा संडास करावा, हाही विचार झाला. त्या टाकीचा मैला उपसायला गाडी यावी लागते. गाडी आली, घरामागची वाट जमते का ते बघायला म्हणून, आणि दलदलीत रुतली. चालक बराच वेळ पायरीवर बसून मेर्याने केलेले दालचिनीचे पाव खात होता. भला माणूस. पण पुन्हा येणार नाही म्हणाला.)

शेवटी उरला साधा कोरडा संडास. पातळ एकीकडे, घट्ट एकीकडे, वर झाडाच्या सालीचा भुसा टाकायचा. बाकी काम मातीचं. यात यंत्र नाही, वीज नाही, धूर नाही. एकच अट, पुरुषांनीही बसायचं. (तुम्ही आलात की याबद्दल बोलू.) या खेपेला मी शहाणा झालो होतो, म्हणून आईलाच दुकानात घेऊन गेलो. ती चाकांच्या वॉकरचा आधार घेत दालनभर फिरली. मग मांडून ठेवलेल्या संडासावर, अंगात कोट, डोक्यावर चर्चला जायची टोपी, मांडीवर पर्स, अशी बसली. लोक येत-जात होते. ती निवांत समोर बघत राहिली.

"कसं वाटतं, आजी?" तरुणाने विचारलं. "उंची बरोबर आहे ना?"

"उंची चांगली आहे," आई म्हणाली. "समोर भिंत आहे."

"भिंत तर सगळ्याच संडासांना असते, आजी."

"माझ्या नाही. माझं दार उघडं असतं. समोर तळं असतं."

तो माझ्याकडे बघू लागला, मी भुशाच्या पोत्याकडे. पण परत येताना गाडीत मला सगळा उलगडा झाला. आई सकाळी लवकर उठते, वर जाते आणि दार उघडं टाकून खूप वेळ बसते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आम्ही खाली पोटं दाबून उभे असायचो. ती तिथे प्रार्थना करत असणार. मी तिला विचारलं नाही. माणूस जिथे एकटा देवापुढे बसतो ती जागा कोणती, हे विचारायचं नसतं, आणि ती उंच, शांत आणि पाण्याकडे तोंड केलेली असावी हे मलाही समजतं. कबरी खणताना मी थोडंफार असंच करतो.

तेव्हा मी घरात काही केलं नाही. पडवीच्या टोकाला, छपराखाली, एक लहानशी खोली बांधली. पडवीतून तिथवर आडवा लाकडी कठडा, पायरी एकही नाही. भिंती तीन, चौथ्या बाजूला दार, आणि दार पूर्ण उघडलं की समोर नुसतं तळं. काम झाल्यावर मी स्वतः पहाटे तिथे बसून पाहिलं. पाण्यावर धुकं होतं, पाणकोंबडी हाका मारत होती, आणि ज्याच्यासाठी बसलो होतो ते विसरून मी बराच वेळ तसाच बसलो. आईला फोटो दाखवला. तिने चष्मा लावून तो जवळ धरला, मग लांब धरला आणि म्हणाली, "बघू." आमच्या आईचं "बघू" म्हणजे काय हे तिच्या भावाला मी सांगायला नको. तिने पिशवी भरायला घेतली आहे.

बाकी सर्व क्षेम. तुमच्या लेकीला नमस्कार, नातवांना आशीर्वाद. युहान्नुसच्या सणाला, ऐन उन्हाळ्यात, तुम्ही तळ्यापलीकडच्या तुमच्या घरी परत याल तेव्हा भेट होईलच. प्रकृतीला जपावे.

आपला भाचा,
तुओमो

ता. क. पत्र लिहिण्याचं मूळ कारण राहूनच गेलं. त्या पहाटे दारातून बघताना ध्यानात आलं की अगदी समोर, नाकासमोर म्हणतात तसा, तुमचा तो बुटका खडक येतो, जिथे तुम्ही रोज सकाळी नाव बांधून गळ टाकता. तुमची नजर अजून चांगली आहे. तेव्हा विनंती अशी की यंदा सकाळी कॉफीच्या वेळेपर्यंत आपण मासे पलीकडच्या लव्हाळ्यात धरावेत. आईच्या प्रार्थनेचा प्रश्न आहे.

ता. क. २. पाकीट बंद करण्याआधी आईने पत्र वाचलं. (ती सगळंच वाचते.) वरची विनंती वाचून ती इतकी संतापली की काठी न घेता उठली. "त्याला तिथून हलवलंस तर मी तिथे बसायचं कशाला?" मी म्हटलं, प्रार्थना. "प्रार्थना मी पलंगावर करते. मूर्खा, तुझी मामी गेल्यापासून तो पलीकडे एकटा आहे. सकाळी नाव दिसली की मी खाली येऊन कॉफी ठेवते. एकदा दिसली नव्हती, तेव्हा तुला मीठ आणायला पलीकडे पाठवलं होतं. आठवतंय?" आठवलं. तुम्ही तापाने फणफणत पडला होतात. मी डॉक्टरांना बोलावलं, आणि मीठ आणायचं विसरलो म्हणून आईने रागावल्याचं सोंगही केलं होतं.

तेव्हा पहिला ताजा कलम रद्द समजावा. हे तुम्हाला कळवू नकोस असंही तिने बजावलं आहे, पण ओळी लिहून झाल्या आहेत आणि कागद दुसरा नाही. नाव त्याच खडकाला बांधावी, रोज. ज्या दिवशी यायचं नसेल त्याच्या आदल्या दिवशी कसंही करून कळवावं. आणि मामा, हात मात्र हलवू नका. तेवढं बरं दिसणार नाही.