वाणीस्थानातलं ग्रहण

१ फेब्रुवारी २०२६, रविवार
आजपासून रोज लिहिणार. आणि छायाशी समेट करायचाच. सख्खी धाकटी बहीण, इथे शहापूरजवळ मुरबाडला असते, आणि गेल्या मेअखेरीपासून बोलणं बंद. कारण काय, तर तिच्या विहीणबाईंसमोर मी म्हणाले, "छायाचे पापड जाड होतात." खरंच होतात. शिवाय मी हसून म्हणाले होते.

२ फेब्रुवारी
खरं कारण सापडलं. मी नव्हतेच! माझी रास मकर. त्याच मेमध्ये राहू कुंभेत, म्हणजे माझ्या वाणीस्थानात आला. बोलला तो राहू. मोबाइलवरचे गुरुजी स्पष्ट सांगतात. आता सतराला सूर्यग्रहणही तिथेच. त्या वेळात मकरवाल्यांनी मौन पाळलं तर तुटलेली नाती जुळतील.
छायाला आजच फोन करणार होते. आता ग्रहण सुटल्यावर. घाई नको.

६ फेब्रुवारी
ह्यांना सांगितलं. हे भातसानगरहून ड्युटी करून आलेले. मोजे काढत म्हणाले, "आपल्याकडं दिसनार नाय ते ग्रहण. दिसत नाय त्याचं काय पाळतेस?"
मी म्हटलं, दिसत नाही तेच जास्त बाधतं. ताप कुठे दिसतो? हे दुसरा मोजा काढायला लागले. पटलं असावं.
कॅलेंडरातही भारतात दिसणार नाही असंच छापलंय. पण कॅलेंडर सगळ्यांचं असतं. रास माझी आहे.

९ फेब्रुवारी, दुपारी
छायाचा फोन आला. आपणहून! उचलला नाही. ग्रहणाआधी राहू ऐन जोरात, तोंडून काय निघेल सांगता येत नाही. माझ्या संयमाचं मलाच कौतुक वाटलं.
रिंग मात्र फार वेळ वाजत होती.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
उपास. खिचडी दोनदा. दुसरे एक गुरुजी म्हणतात, मकरेनं ग्रहणात उलट गोड बोलावं. त्यांना फॉलोअर कमी आहेत. पहिलेच बरोबर.

१७ फेब्रुवारी, मंगळवार, सव्वातीन
तयारी पूर्ण. पाण्यात तुळशीची पानं, खिडक्यांना चादरी. आता आठपर्यंत एक शब्द नाही. बाहेर लख्ख ऊन. शेजारच्या गोदीमावशी ओट्यावर बसून वाल सोलतायत. अज्ञान.

साडेपाच
छाया आली.
मुरबाडहून एसटीनं, किन्हवलीला गाडी बदलून. कडी वाजवत होती. "ताई, दार उघड गो. मी हाय."
उघडलं. घामाघूम झालेली, हातात पिशवी. म्हणाली, "पापडाला नव्या तांदळाचं पीठ आनलंय. यंदा तू लाट, मी नुसती उकड मळीन. मंग तर झालं?"
मी हसले. तोंडावर बोट ठेवलं.
"काय गो, घसा बसला?"
नाही म्हणून मान हलवली. ती माझ्याकडे बघतच राहिली. "बोल ना. रागाव तरी."
शब्द अगदी ओठावर होता. पण इतक्या दिवसांची तपश्चर्या! आठ वाजता बोलू, म्हणून आठ बोटं दाखवली.
तिचा चेहरा उतरला. "आठ महिने. मोजत बसली होतीस होय?"
पिशवी उंबऱ्यावर ठेवून निघाली. गोदीमावशी म्हणाल्या, "छाया, च्या तरी घे गो." ती म्हणाली, शेवटची एसटी चुकेल. मी दारातून खूप हातवारे केले. तिनं वळून पाहिलं नाही.

आठ वाजून पाच
ग्रहण सुटलं. तिला फोन लावला. बंद. मग मोठ्यानं म्हटलं, "छाया, तसं नव्हतं गं." हे आतून म्हणाले, "आता कोनाशी बोलतेस?"

१९ फेब्रुवारी
फोन लागतो. उचलत नाही. तिच्या राशीला काय चाललंय ते बघितलं. तिची दशा तर उत्तम आहे. मग?

२२ फेब्रुवारी, रविवार
पीठ किती दिवस ठेवणार? एकटीनेच उकड काढली. गरम आहे तोवर एकीनं मळायची, दुसरीनं लाटायची. मी मळेपर्यंत गार झाली. पहिला पापड जाड. दुसराही. तिसरा म्हणजे भाकरीच.
छायाला फोटो पाठवला. खाली लिहिलं, "माझेही."
तिनं पाहिला. उत्तर नाही.
गुरुजींचा नवा व्हिडिओ आलाय. डिसेंबरात राहू माझ्या वाणीस्थानातून निघतो म्हणे. कुठे जातो? माझ्याच राशीत.
पापड ओट्यावर घातलेत. दिवसभर ऊन कडक होतं. संध्याकाळ झाली तरी वाळले नाहीत. जाड आहेत.