परत आलेल्या बरण्या

गुरुवार, ९ जानेवारी
सयाजीगंजच्या दुकानदाराने मुखवासाच्या बरण्या परत पाठवल्या. झाकणं ढिली, तीळ सादळले. हंसाबेनला शंभरदा सांगितलं होतं, झाकणं तपासत जा. पण ती गप्पांत रंगली की संपलं. वर्ष झालं आमच्या गॅरेजात हा उद्योग मांडून. आमचा निनाद आणि तिची लेक कृती, दोघांनाही ऑटिझम, दोघांनाही कोणी कामावर ठेवून घेईना, म्हणून आपणच ठेवायचं. कल्पना हंसाबेनची, गॅरेज आमचं.
नि.ला बसवून नीट समजावलं. बरणी परत आली म्हणजे कुठेतरी चूक. ओतायची, धुवायची, पुन्हा भाजून पुन्हा भरायची. त्याने माझ्याकडून वदवून घेतलं, मग स्वतः म्हणाला, "परत आली की चूक."
हे म्हणाले, इतका पक्का नियम कशाला. म्हटलं, नियमाशिवाय त्याचं आजवर काय चाललंय?

रविवार, १२ जाने.
डोकं चाललं एकदाचं! संक्रांतीचं वाण. सुभानपुऱ्यातल्या, मंडळातल्या सगळ्या बायकांना फोन केले, यंदा हळदीकुंकवाला आमच्या मुखवासाची बरणी लुटा. एकीनेही नाही म्हटलं नाही. चव कशी, तेही कोणी विचारलं नाही. असो. माल तर जाईल.
नि. आणि कृती जोरात. ती ओतते, तो बरणी धरतो, झाकण लावतो, लेबल चिकटवतो. लेबल वाकडं गेलं तर काढून दुसरं. आज मी ओरडले नाही.

मंगळवार, १४ जाने.
उत्तरायण. गच्चीगच्चीवर पतंग आणि स्पीकर. नि. दिवसभर आतल्या खोलीत कान दाबून. उद्या पुन्हा तेच.

सोमवार, २० जाने.
कर्णिकांकडे ह.कुं. वाणात आमचीच बरणी. हसू आलं. मग विद्याकडे गेले, तिथेही बरणी. सुलभाकडेही. पिशवी जड झाली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जिथे जिथे मी जाते तिथेच विकल्या होत्या, दुसरीकडे कुठे विकणार? आणि त्या बायका मला नाही देणार तर कोणाला देणार. रथसप्तमीपर्यंत अजून किती घरं आहेत देव जाणे. न जावं तर राग.
सुलभा म्हणे, "अगं, तेवढाच मुलाला आधार." म्हणजे मुखवास कोणाला हवाच नव्हता.
पिशवी स्कूटरच्या डिकीत लपवली.

गुरुवार, २३ जाने.
सापडली. नि. डिकीतून पंप काढायला गेला होता. सगळ्या बरण्या ओट्यावर मांडल्या.
"परत आल्या."
वाण म्हणजे काय ते सांगितलं. भेट, प्रेमाने देतात, वगैरे. त्याने ऐकून घेतलं.
"विकल्या होत्या?"
"हो."
"परत आल्या."
एकेक ओतली, धुतली, पालथी घातली. मग मनगट चावत बसला. लहानपणी चावायचा, किती वर्षांत बंद होतं. मीच शिकवलेला नियम, आता कोणत्या तोंडाने मोडू? सोडवायला गेले तर हात झटकला.

सोमवार, २७ जाने.
गॅरेजात येत नाही. कृती चमचा धरून त्याच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत बसते. दुसऱ्या कोणी बरणी धरलेली तिला चालत नाही. हंसाबेन म्हणाली, "थोडा दिवस रहेवा दो, बेन." थोडे म्हणजे किती? आम्ही दोघी काय अमरपट्टा घेऊन आलोय?
ह.कुं.ला जाणं बंद केलं. पाय दुखतो सांगितलं.

गुरुवार, ३० जाने.
बाजव्याहून फोन, ओळख ना पाळख. बाईंनी नणंदेकडे मुखवास खाल्ला, लेबलवरून नंबर घेतला. मुलीच्या लग्नात पानसुपारीला हवाय. "बहु सरस छे. कोण बनावे छे?"
"मारो दीकरो," म्हटलं. तिने पुढे काही विचारलं नाही. मुलगा कसा आहे, काही नाही. फक्त सोमवारी न्यायला येते म्हणाली.
फोन ठेवून रडले. वर्षभरात पहिली बाई, जिला फक्त मुखवास हवाय.

शनिवार, १ फेब्रु.
नि.ला सांगितलं, लग्नाची ऑर्डर आहे, खरी. नाही म्हणाला. यांनीही समजावून पाहिलं. नाही.
शेवटी हंसाबेन ओततेय, मी भरतेय, हे झाकणं आवळतायत. साठी उलटलेली तिघं कामाला लागलीत आणि ज्यांच्यासाठी काम काढलं ती दोघं घरात. लेबलं वाकडी लागली.

रविवार, २ फेब्रु.
दुपारी आपण होऊन गॅरेजात आला. भरलेल्या बरण्या पाहिल्या. हात लावला नाही.
"या परत येतील?"
नाही म्हणायला कितीसं लागतं? पण मी म्हटलेलं तो धरून बसतो. उद्या एखादं झाकण ढिलं निघालं, बाईंनी आणून दिली, तर? आणि मी नसताना आली तर याला कोण काय सांगेल?
"मला सांगता येत नाही रे," म्हटलं.
त्याने विचार केला. मग आपलं स्टूल उचलून फाटकाशी नेलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसला.
"निनाद बघेल."
चहाला हाक मारली, आला नाही. दिवेलागण झाली तरी तिथेच आहे. बरण्या तर अजून गेल्यासुद्धा नाहीत.